भाता

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेसहाला
आमच्या चर्चमध्ये सुवार्तेचा संदेश असतो.
इंदूरच्या छावणीत, गॅस एजन्सीच्या मागे;
रिक्षावाल्याला ‘वो पीली दीवारवाला’ म्हटलं की पुरतं.

ऐकणारे आम्ही तेवीस.
बावीस जणांचे बाप्तिस्मे मला तारखेनिशी पाठ.
तेविसावी मी. माझा मला आठवत नाही,
मी तेव्हा चाळीस दिवसांची होते
आणि पाणी गार लागलं म्हणून रडले म्हणे.
एवढीच माझी साक्ष.

रेव्हरंड रणभिसे पुलपीटवरून विचारतात,
‘इथं असा कोणी आहे का, ज्यानं अजून…’
आणि नजर पडते ती अमोलिककाकांवर,
जे एकोणपन्नास वर्षांपासून आत आहेत
आणि दाराची किल्लीही त्यांच्याच खिशात.

हरवलेलं एक मेंढरू, त्याच्यासाठी
नव्याण्णव सोडून निघालेला मेंढपाळ,
हे आम्ही इतक्यांदा ऐकून राहिलोय
की ते मेंढरू आता घरातलंच वाटतं.
फक्त आम्ही नव्याण्णव कधीच नव्हतो.

पंचांच्या बैठकीत शेवटी विषय निघालाच.
अमोलिक म्हणाले, पेशंटच नाही तर दवाखाना कशाला?
वर्षातून एकदा ठेवू, ईस्टरच्या आधी.
पाटोळेबाईंनी विजेचं बिल काढलं पर्समधून.
रणभिसे चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले,
मग म्हणाले,
‘दर वेळी घरी गेल्यावर मी स्वतःलाच विचारतो,
बाबा रे, तू गेलास का पुढं?
उत्तर दर वेळी सारखं येत नाही.’
हे इतिवृत्तात घेऊ नका, असंही म्हणाले.
मी घेतलं नाही.
इथं घेतेय.

शेवटच्या गीताला पेटी माझी. एकतीस वर्षं.
आवाहन चालू आहे तोवर सूर तुटू द्यायचा नाही,
हे मला आईनं शिकवलं, आईला मिशनच्या कुणा मिसबाईनं:
येणाऱ्याच्या पायाखाली सूर हवा.
उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर.
ज्याचे दोन्ही हात गुंतलेत
त्याला ‘पुढे या’ म्हटलं काय, न म्हटलं काय.

डिसेंबर होता. खिडकीतून
गराडू तळल्याचा वास आत येत होता,
पोरांची लक्षं केव्हाच बाहेर गेलेली.
चौथ्या कडव्यात
माझा डावा हात थांबला.
मी थांबवला, असं म्हणायला पुरावा नाही.
पेटीत उरलेली हवा संपेपर्यंत
सूर खाली खाली गेला,
कोणी अंधारात जिना उतरावा तसा.

मंडळी गात राहिली.
पाटोळेबाई अर्धा सूर वर,
अमोलिक नेहमीसारखे एक शब्द मागे.
आमचा आवाज असा आहे
हे मला माहीतच नव्हतं,
मी कायम त्याच्यावर पेटी ठेवलेली.

पेटीपासून कठड्यापर्यंत चार पावलं.
चार पावलांत चष्मा दोनदा नीट केला.
रणभिसे वाकून हळूच म्हणाले,
‘बाई, भाता फाटला का?’
म्हटलं, ‘नाही. तुम्ही विचारलंत ना.’

पुढे आलेल्याशी बोलायचं एक वाक्य
त्यांनी सेमिनरीत असताना पाठ केलं होतं.
ते त्यांना आठवेना.
त्यांनी नुसता हात धरला,
त्यांचा हात माझ्याहून गार होता.

रजिस्टरात ‘पुढे आलेले’ असा रकाना आहे.
तो मीच भरते. शून्याच्या खाली शून्य,
नीट, एका रेषेत, अनेक वर्षांची.
त्या रात्री पेन उघडून बसले.
आकडा लिहायचा की नाव,
आणि नाव लिहिलं तर वाचणार कोण, मीच ना.

दिवे अर्धे विझले होते.
दारात अमोलिक, हातात किल्ली.
‘मार्थाबाई, बंद करू?’

म्हटलं, थांबा जरा.